लॉकडेप : ड्रायव्हर लिहीत असाल तर हे ऑन ठेवाच

लिनक्स कर्नलसोबत फुकट मिळणाऱ्या टूल्समध्ये माझा सगळ्यात जास्त भरवसा लॉकडेपवर आहे, म्हणजे लॉक घेण्याच्या क्रमातल्या चुका शोधणाऱ्या टूलवर. २००६ मध्ये कर्नल २.६.१८ सोबत आलं, इंगो मोलनार आणि आर्यन व्हॅन डे व्हेन यांचं काम. वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही, कॉन्फिगमध्ये प्रूव्ह लॉकिंग आणि डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप दोन्ही ऑन करायचं, कर्नल बिल्ड करायचा, बस.

खरी कमाल दिसते ती पेज फॉल्टमध्ये. समजा तुमच्या ड्रायव्हरचं रीड फंक्शन स्वतःचा म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) धरून कॉपी टू यूजर (कर्नलमधला डेटा यूजरच्या प्रोग्रामला देणारं फंक्शन) करतंय. यूजरचं पेज (त्याच्या मेमरीचा तो तुकडा) मेमरीत नसेल तर तिथेच फॉल्ट येतो आणि फॉल्ट हँडलरला एमएमॅप लॉक (प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा सांभाळणारं लॉक) लागू शकतं. आता त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड तुमच्या डिव्हाइसवर एमएमॅप करतोय (डिव्हाइस आपल्या मेमरीच्या नकाशात जोडून घेतोय), म्हणजे एमएमॅप लॉक त्याने आधीच घेतलंय आणि तो तुमच्या म्युटेक्ससाठी थांबलाय. झालं, दोघंही कायमचे अडकले. टेस्टिंगला हे कधीच दिसत नाही कारण टेस्टमधला बफर नुकताच वापरलेला असतो, पेज जागेवरच असतं, फॉल्ट येतच नाही, आणि मग कस्टमरकडे लोड वाढला की मशीन लटकतं.

लॉकडेप असा डेडलॉक व्हायची वाटच बघत नाही. कुठल्या प्रकारचं लॉक कुठल्या लॉकच्या आत घेतलं याचा क्रम ते लिहून ठेवतं, आणि कॉपी टू यूजरच्या आत माइट फॉल्ट नावाचा चेक आहे तो फॉल्ट येवो न येवो, इथे एमएमॅप लॉक लागू शकतं असं त्याला सांगून ठेवतो. त्यामुळे दोन्ही रस्ते एकेकदा, वेगवेगळ्या वेळी चालले तरी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) वॉर्निंग हजर. स्पिनलॉक (हे धरून झोपता, म्हणजे सीपीयू सोडून थांबता येत नाही असं लॉक) धरून कॉपी केलीत तर तेही पकडलं जातं, कारण फॉल्टमध्ये झोपावं लागू शकतं.

कमतरता आहेत. कर्नल चांगलाच स्लो होतो, प्रॉडक्शनला नकोच. पहिली वॉर्निंग दिली की ते स्वतःला बंद करतं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरचा जुना बग आधी आला तर तुमचा झाकला जातो, तो आधी निस्तरा आणि रीबूट करा. पेज लॉक (एकेका पेजवरचं लॉक) त्याला दिसत नाही ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते, फाइलसिस्टमवाल्यांनी त्याच्यावर विसंबू नये. रिपोर्ट पहिल्यांदा बघून डोकं गरगरतं, त्यात सीपीयू झिरो, सीपीयू वन असा छोटा तक्ता असतो, वाचायला तिथूनच सुरुवात करा.

कर्नल ६.४ पासून प्रत्येक व्हीएमएचं (प्रोसेसच्या मेमरीतल्या एकेका सलग भागाचं) वेगळं लॉक आलंय, मग ही वॉर्निंग आता जुनी झाली का? अजिबात नाही. ते लॉक मिळालं नाही तर फॉल्ट हँडलर परत एमएमॅप लॉककडेच जातो. त्यामुळे वॉर्निंग दाबू नका, म्युटेक्सच्या आत डेटा कर्नलच्या बफरमध्ये घ्या, म्युटेक्स सोडा आणि मग कॉपी टू यूजर करा.