बोलोन्यात घर, सकाळच्या गाडीने दुसरे शहर: दहा महिन्यांच्या एकदिवसीय सहलींचा अनुभव

नवऱ्याला बोलोन्या विद्यापीठात दहा महिन्यांची संशोधनवृत्ती मिळाली आणि सप्टेंबर ते जून एवढ्या काळासाठी आम्ही दोघे तेथे राहायला गेलो. निघताना इटली पाहण्याचा आमचा बेत सगळ्यांचा असतो तसाच होता: रोमला चार दिवस, फ्लॉरेन्सला तीन, व्हेनिसला दोन. तेथे पोहोचून घरभाडे, अनामत आणि थंडीच्या महिन्यांतले गॅसचे बिल यांचा हिशेब मांडल्यावर हॉटेलांसाठी फारसे काही उरत नव्हते. त्यामुळे सकाळी गाडीने जायचे, एकच शहर पाहायचे आणि रात्री झोपायला आपल्याच घरी यायचे, अशी पद्धत नाइलाजाने पडली. दहा महिन्यांत चाळीसएक सहली झाल्या. शनिवारच्या दोघांच्या आणि आठवड्यातल्या मधल्या वारी माझ्या एकटीच्या. जी पद्धत काटकसर म्हणून सुरू झाली, ती एवढे दिवस वापरल्यावर कोठे उपयोगी पडली आणि कोठे फसली, ते येथे लिहिते आहे.

या पद्धतीला बोलोन्याइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल, आणि त्याचे कारण फार जुने आहे. इ.स.पूर्व 187 मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सुलने (रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने) रिमिनीपासून पिआचेंझापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत एक रस्ता बांधला. त्याच्या नावावरून तो व्हिया एमिलिया झाला आणि पुढे त्या रस्त्यावरून प्रदेशालाही एमिलिया हे नाव मिळाले. चेझेना, फोर्ली, फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा ही सगळी शहरे त्या रस्त्यावर एका दोऱ्यात ओवल्यासारखी बसली आहेत आणि आजचा लोहमार्गही त्याच रेषेने जातो. मोदेना अर्ध्या तासावर, पार्मा तासाभरावर, रावेन्ना सव्वा तासाच्या आसपास. उत्तरेकडच्या फाट्याने फेरारा, पुढे पादोव्हा आणि शेवटी व्हेनिस. दक्षिणेला आपेनिन डोंगर ओलांडला की फ्लॉरेन्स.

गाड्या दोन प्रकारच्या असतात आणि सहलीचा सगळा स्वभाव त्या निवडीवर ठरतो. वेगवान गाडीचे तिकीट जितके उशिरा काढावे तितके महाग होते आणि त्यावर ठरावीक गाडी व ठरावीक आसन असते. ‘रेजिओनाले’ म्हणजे प्रादेशिक गाडीचे भाडे मात्र अंतरावर ठरते. महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटण्यापूर्वी पाच मिनिटे काढा, पैसे तेवढेच. आम्ही वारंवार गेलो त्या गावांचे एका बाजूचे तिकीट साधारण चार ते नऊ युरोंच्या दरम्यान पडे. याचा खरा फायदा पैशांपेक्षा मोकळेपणाचा होता. सकाळी उठून खिडकीबाहेर पाहायचे, धुके किंवा पाऊस असेल तर झोपून राहायचे, ऊन असेल तर डबा भरून निघायचे. आरक्षण बुडेल ही भीती नसल्यामुळे एखादे गाव आवडले नाही तर दुपारीच परतताना वाईटही वाटत नसे.

या गाड्यांची एक अट मात्र नवख्याला महागात पडते. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचे गाडी सुटण्यापूर्वी चेक-इन करावे लागते. एकेकाळी मुंबईच्या लोकलची कूपने स्थानकावरच्या यंत्रात ठोकून घेतलेल्या माणसाला ही गोष्ट कळायला हवी होती, पण दुसऱ्याच सहलीत मी न ठोकलेले तिकीट घेऊन ऐटीत बसले होते. तिकीट तपासनिसाने ते उलटसुलट करून पाहिले, यंत्राचा हावभाव करून दाखवला आणि शांतपणे दंडाची पावती फाडली. पैसे दिलेले आहेत, हा युक्तिवाद चालत नाही. न ठोकलेले तिकीट पुन्हा वापरता येते, ही त्यांची अडचण असते आणि ती रास्त आहे.

बोलोन्याच्या मुख्य स्थानकावरही सरावायला महिना गेला. फलकावर ‘4 ओव्हेस्त’ असे लिहिलेले असेल तर तो फलाट क्रमांक 4 नसतो. पश्चिमेकडच्या टोकाला फलाटांचा वेगळा गट आहे आणि तेथपर्यंत चांगलेच चालावे लागते. वेगवान गाड्या जमिनीखालच्या 16 ते 19 क्रमांकांच्या फलाटांवरून सुटतात आणि खाली उतरायला वेळ लागतो. शिवाय फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते. फेराराला जाणाऱ्याने फेरारा शोधत बसू नये, व्हेनिसची गाडी पाहावी. याच स्थानकाबाहेर 10 वाजून 25 मिनिटांवर थांबलेले एक घड्याळ आहे. पहिल्या आठवड्यात ते बिघडले असावे अशी माझी समजूत होती आणि एवढ्या मोठ्या स्थानकात कोणी दुरुस्त कसे करत नाही, असे मी घरी बोलूनही दाखवले होते. 2 ऑगस्ट 1980 रोजी त्या वेळेला तेथील प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट होऊन 85 माणसे मेली, हे शेजारणीने सांगितले. त्यानंतर दर सहलीला त्या घड्याळाखालून जाताना नजर वर जातच असे.

सगळ्या गावांत मला सर्वांत जास्त परतावा रावेन्नाने दिला. 402 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी या दलदलीतल्या गावी आली, पुढे गॉथ या जर्मानिक लोकांचे राजे आले, मग कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची सत्ता आली, आणि त्या दीडशे वर्षांतल्या भिंतींवरची काचमणी चित्रे आजही तेथे आहेत. गाव सपाट आणि लहान आहे. स्थानकापासून सगळे पायी होते. सासूबाई एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी आल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना झेपेल असे गाव म्हणून मी त्यांना तेथेच नेले. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी वास्तू बाहेरून विटांच्या गोदामासारखी दिसते, आणि गर्दीच्या दिवसांत आत पाचच मिनिटे थांबू देतात, म्हणून वेळेचे तिकीट आधी घ्यावे लागते. आत गेल्यावर पहिले मिनिटभर काहीच दिसत नाही. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाच्या पातळ चकत्या आहेत आणि त्यांतून मधासारखा उजेड झिरपतो. डोळे त्या उजेडाला सरावले की डोक्यावरचे गडद निळे छत आणि त्यावरचे सोन्याचे तारे हळूहळू वर येतात. सासूबाई कुजबुजल्या, “अगं, हे तर आपल्या वाड्यातल्या देवघराएवढंच आहे. समई लावली की असंच दिसायचं.” पाच मिनिटे संपल्यावर त्यांनी मला पुन्हा रांगेत उभे राहायला लावले.

शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह समोरासमोर उभे आहेत. 547 मध्ये त्या चर्चची प्रतिष्ठापना झाली. ती दोघे मात्र रावेन्नाला कधीच आली नव्हती. काचमण्यांजवळ गेल्यावर लक्षात येते की ते एका पातळीत बसवलेले नाहीत, प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात आहे, त्यामुळे आपण दोन पावले सरकलो की सोने वेगळ्या जागी चमकते. हे छायाचित्रात येत नाही आणि एका भेटीत पुरेसे पाहूनही होत नाही. मी रावेन्नाला चार वेळा गेले. तिसऱ्या खेपेस दान्तेच्या समाधीपाशी बराच वेळ बसले. फ्लॉरेन्सने हद्दपार केलेला हा कवी 1321 मध्ये रावेन्नात वारला, त्याच्या अस्थी रावेन्नाने फ्लॉरेन्सला परत दिल्या नाहीत, आणि समाधीतल्या दिव्याचे तेल आजही दरवर्षी फ्लॉरेन्सहून येते.

परत परत जाता येणे हाच या पद्धतीचा मोठा गुण, हे मोदेनाने शिकवले. चार दिवसांच्या पर्यटकाने मोदेनाला एकदा जावे की नाही, असा प्रश्न पडावा. मी सहा वेळा गेले. 1099 मध्ये बांधकाम सुरू झालेल्या तेथील कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर व्हिलिजेल्मो या शिल्पकाराने आदम-हव्वेपासून नोहाच्या नौकेपर्यंतच्या कथा कोरल्या आहेत, आणि त्या भिंतीवरच्या शिलालेखात त्याचे नावही आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराचे नाव कळणे आपल्याकडेही दुर्मीळ, तेथेही दुर्मीळ. पहिल्या वेळी मी ही शिल्पे दहा मिनिटांत उरकली होती. पुढच्या एका खेपेला हिवाळ्यातले तिरपे ऊन पडले होते आणि सफरचंद खाणारा आदम प्रथमच नीट दिसला. त्यानंतर आल्बिनेल्ली मंडईतून भाजी घेऊन मी दुपारच्या जेवणाला घरी परत आले होते.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि हा प्रदेश डुकराच्या मांसाचा आहे. तोर्तेल्लीनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या आतले सारण मांसाचे असते, रस्साही मांसाचाच. तरी फेराराचे ‘काप्पेलाच्ची दि झुक्का’ (लाल भोपळ्याच्या सारणाचे), पार्म्याचे पालेभाजी व रिकोत्ता (मऊ ताजे चीज) भरलेले ‘तोर्तेल्ली दएरबेत्ता’ आणि पूर्वेच्या रोमान्या भागाकडची ‘पिआदिना’ नावाची जाड पोळी यांवर आमचे व्यवस्थित भागले. फेराराच्या पदार्थात भोपळा गोडसर असतो आणि वरून लोणी व सेजची पाने येतात. सासूबाईंनी पहिल्याच घासाला “घारग्याचं सारण पाण्यात उकडलंय” असा निकाल देऊन ताटली संपवली. काप्पेलाच्चीत मात्र रागूचा (मांसाच्या रश्शाचा) पर्याय असतो, तो येणार नाही ना, एवढे विचारून घ्यावे. कडक शाकाहारी माणसाने हेही ध्यानात ठेवावे की पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते आणि ते येथे जवळजवळ प्रत्येक ताटलीत पडते. आम्ही त्याकडे डोळेझाक केली.

पदार्थांहून वेळांचा त्रास अधिक झाला. अनेक चर्च दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ते तीन-साडेतीनला उघडतात, स्वयंपाकघरे अडीचला आवरतात आणि संध्याकाळी साडेसातपूर्वी कोणी जेवण देत नाही. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात. उशिरा उठून अकराला पोहोचलेला माणूस तासाभरात रस्त्यावर येतो. म्हणून आम्ही सकाळी नऊच्या आत पोहोचण्याचा नियम केला, आणि दुपारच्या मधल्या वेळात डबा खाऊन बागेत किंवा फेराराच्या शहराभोवतीच्या तटावर बसायचे ठरवले. हा तट सुमारे 9 किलोमीटर लांब आहे, त्यावर झाडांची रांग आहे आणि भाड्याची सायकल घेऊन आरामात फिरता येते.

आता फसलेले प्रयोग. पादोव्हाला पहिल्यांदा आम्ही आरक्षणाशिवाय गेलो आणि स्क्रोव्हेन्यी चॅपेलच्या दारातून परतलो. चित्रकार जोत्तोची 1305 च्या सुमाराची ती भित्तिचित्रे पाहायला आधी वेळ घ्यावीच लागते. मग पंधरा मिनिटे हवेतला दमटपणा आणि धूळ आवरण्यासाठी काचेच्या खोलीत बसवतात आणि आत नेमकी पंधरा मिनिटे देतात. म्हणजे ‘सकाळी उठून ठरवू’ ही आमची लाडकी युक्ती तेथे निरुपयोगी. दुसरा धडा पार्म्याला मिळाला. गुलाबी संगमरवरी बात्तिस्तेरो (बाप्तिस्म्याची इमारत) आणि कोर्रेज्जोने रंगवलेला घुमट पाहून दुपारी दोनला स्थानकावर आलो तर फलकावर ओळीने ‘रद्द’. संप होता. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक गाड्या चालवाव्या लागतात, त्यामुळेच आम्ही सकाळी बिनबोभाट पोहोचलो होतो. चार तास स्थानकात काढले. तेव्हापासून आदल्या रात्री ‘शोपेरो’ (संप) हा शब्द शोधल्याशिवाय आम्ही निघालो नाही.

फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांना ही पद्धत लावू नये, असे माझे स्पष्ट मत झाले. फ्लॉरेन्स वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत येते, पण उफ्फिझी संग्रहालयातच अर्धा दिवस जातो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात आपण फक्त गर्दी पाहतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये फुकट असतात म्हणून गेलो, तर रांगेनेच दिवस खाल्ला. व्हेनिसला 2024 पासून वर्षातल्या ठरावीक गर्दीच्या दिवशी, एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात, आणि खरे सांगायचे तर दुपारी तीन वाजता रिआल्तोच्या पुलावर चेंगरताना मला ते शुल्क योग्यच वाटले. त्या शहराला रात्र द्यावी लागते. आम्ही शेवटी मार्चमध्ये एक रात्र राहिलो आणि ते हॉटेलचे पैसे अजिबात खटकले नाहीत.

लहान शहरांतही परतीच्या घाईने संध्याकाळ हातची जाते, ही या पद्धतीतली खोट आम्हाला फार उशिरा कळली. सहा-साडेसहाला दुकाने उजळतात, आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या पोरांपर्यंत सगळे गाव मुख्य रस्त्यावर नुसते चालायला बाहेर पडते, आणि आम्ही नेमके तेव्हा फलाटावर उभे असायचो. फेब्रुवारीत एकदा आम्ही मुद्दाम दुपारी तीनच्या गाडीने फेराराला गेलो. अंधार पडता पडता धुके उतरले, किल्ल्याच्या खंदकातले पाणी दिसेनासे झाले आणि चौकात सायकलींचे दिवे तेवढे इकडून तिकडे सरकत होते. कॉफी उभ्यानेच घेतली, कारण बसले की दर वाढतो, आणि दहाच्या सुमाराच्या गाडीने परतलो. बोलोन्याला पाऊस लागला होता. शहरात मिळून सुमारे 62 किलोमीटरचे पोर्तिको, म्हणजे इमारतींना लागून असलेले छतवाले पदपथ आहेत, त्यामुळे आमच्याकडे छत्री नव्हती आणि तिची गरजही पडली नाही; स्थानकापासून घराच्या दारापर्यंत दोन ठिकाणी रस्ता ओलांडताना काय भिजलो तेवढेच.