भोईवाड्यात (परळ) पेशंटला घेऊन सवा महिना राहिलो, त्याचा अनुभव

बाबांना घशाचा कॅन्सर निघाला आणि टाटा हॉस्पिटलात रेडिएशन ठरलं (आमच्याकडे लाईट म्हणतात), सोमवार ते शुक्रवार रोज, एकूण 35 वेळा म्हणजे सात आठवडे. आम्ही कराडचे. पहिले दोन आठवडे डोंबिवलीला आत्याकडे राहून लोकलने ये-जा केली पण नंतर बाबांचं तोंड आलं, पाणीसुद्धा गिळवेना, अशा माणसाला त्या गर्दीत रोज आणायचं कसं? मग टाटाच्या मागे भोईवाड्यात चाळीत खोली घेतली.

खोली दहा बाय बाराची, दुसरा मजला, संडास कॉमन, पाणी सकाळी तासभरच येतं तेव्हा पिंप भरून ठेवायचं. जिना अरुंद आणि खडा आहे, बाबांना दोनदा टेकावं लागायचं, म्हणून चढवत नसेल तर पहिला मजलाच बघा. तळमजला पावसाळ्यात नको, जवळच हिंदमाताला पाणी भरतं हे सगळ्यांना माहितीये. एजंटने दलाली आधी सांगितली त्यापेक्षा जास्त घेतली, ते सगळं आधी लिहून घ्या.

पण टाटाचं गेट चालत सात मिनिटं!! मशीनला नंबर उशिरा लागणार असेल तर बाबा खोलीवर पडून राहायचे आणि मी एकटी जाऊन बसायचे, दहा मिनिटं आधी फोन केला की भाऊ घेऊन यायचा, ह्या एका गोष्टीसाठी मी सगळं भाडं पुन्हा एकदा भरलं असतं. रिक्षा शोधू नका, इथे रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच.

वस्ती मात्र गावासारखी. केईएम, वाडिया, टाटा सगळं एका हाकेवर, त्यामुळे इथल्या लोकांना पेशंटवाले बघायची सवय आहे पण कंटाळा नाही. शेजारच्या काकी पहिल्याच दिवशी विचारायला आल्या की काय झालंय, कितवी लाईट, आणि खालच्या खानावळीच्या मावशींना त्यांनीच सांगितलं. मावशींनी नुसतं विचारलं, "तिखट बंद ना?" आणि रोज बाबांसाठी वेगळी भाताची पेज, मुगाचं पातळ वरण, मऊ दुधीची भाजी मीठ बेताचं घालून, सगळं कोमट करून द्यायच्या. तेवीस नंबरच्या लाईटनंतर बाबा काहीच खाईनात, तर त्यांनी भोपळा शिजवून घोटून दिला, तो अर्धी वाटी गेला तेव्हा मी जिन्यात बसून रडले.

राहायची सोय बघायची असेल तर आधी टाटाच्या समाजसेवा विभागात जा, धर्मशाळांची माहिती तिथे मिळते. नंबर लागायला वेळ लागतो, आमचा लागला नाही. खोल्यांची चौकशी भोईवाड्यात स्वतः फिरून, दुकानांत विचारून करा, आम्ही निघालो त्याच संध्याकाळी नांदेडचं एक कुटुंब सामान घेऊन आलं, आमचं पिंप, बादल्या आणि शेगडी त्यांनाच देऊन आलो.