गुडघ्यातला ‘पू’, थेंबाला पाच हजार रुपये

गुडघेदुखीवर उपचार म्हणून घरी येऊन नळीने ‘पू’ ओढून काढणाऱ्या भोंदू वैद्यांनी ज्येष्ठ नागरिकांना लाखोंचा गंडा घातल्याच्या बातम्या गेली काही वर्षे येत आहेत. याच पद्धतीने माझ्या वडिलांकडून १,६५,००० रुपये उकळण्यात आले. हा डाव कसा रचला जातो, हे इतरांना वेळीच ओळखता यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

औषधाच्या दुकानात काठी टेकून उभ्या असलेल्या वडिलांची एका नीटनेटक्या गृहस्थाने आपण होऊन चौकशी केली. त्याच्या आईलाही म्हणे गुडघे बदलायला सांगितले होते आणि आता ती जिने चढते. त्याने काही विकले नाही. एका ‘डॉक्टरां’चा क्रमांक दिला आणि खात्री पटावी म्हणून त्या ‘आई’शी फोनवर बोलणेही करून दिले. माझ्या मते साऱ्या फसवणुकीचा पाया हाच आहे, कारण भिंतीवरची जाहिरात वाचून वडिलांनी कोणाला घरात घेतले नसते.

‘डॉक्टर’ मदतनिसासह आले तेव्हा घरी आई-वडील दोघेच होते. तपासणी फुकट, थेंबाला फक्त पाच हजार आणि निघतील जेमतेम दोन-चार थेंब, असे सांगून त्यांनी ब्लेडने गुडघ्यावर बारीक चिरा पाडल्या, धातूची नळी लावली आणि तोंडाने ओढून पिवळट थेंब ताटलीत टाकायला सुरुवात केली. मदतनीस मोठ्याने मोजत होता. मोजणी ३३ वर थांबली. वडील मध्येच नको म्हणाले, तेव्हा उपचार अर्धवट सोडल्यास विष पसरून पाय कापावा लागेल, अशी भीती घालण्यात आली. नंतर मदतनीस त्यांना रिक्षाने बँकेत घेऊन गेला (इतकी सेवा कोणता दवाखाना देतो?) आणि रोख रक्कम घेऊन निघून गेला. संध्याकाळी दोन्ही फोन बंद होते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की, वयोमानाने होणाऱ्या संधिवातात सांध्यातील कूर्चा झिजते. तिथे पू नसतो. सांध्यात खरोखर पू झाला, तर गुडघा लाल होऊन सुजतो, बहुधा ताप येतो, पाय टेकवत नाही आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. कातडीवरच्या चिरेतून तोंडाने ओढून सांध्यातले काही बाहेर येत नाही, म्हणजे ते थेंब नळीत किंवा तोंडात आधीपासूनच होते. आयुर्वेदात रक्तमोक्षण (शरीरातील दूषित रक्त काढण्याचा उपचार) आहे, जळवाही लावतात, पण ते काम नोंदणीकृत वैद्याचे आहे आणि त्याचे शुल्क थेंबावर ठरत नाही. घरी येणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागावा आणि तो वैद्यांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे पडताळून पाहावा. वडिलांनी तो विचारला, तेव्हा ‘हिमालयातील गुरुपरंपरा’ असे उत्तर मिळाले होते.

नोंदणीशिवाय वैद्यकी करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. वडिलांना तक्रार करायची लाज वाटत होती, आणि हे भामटे त्याच लाजेवर जगतात. बँकेतील आणि सोसायटीतील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, त्यामुळे पोलिसांकडे त्याच दिवशी जावे. पैशांपेक्षाही निकडीची बाब म्हणजे अशा चिरा पडलेल्या व्यक्तीला लगेच डॉक्टरांकडे नेऊन धनुर्वाताची लस, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या यांबद्दल विचारावे. चिरांतून या विषाणूंचा संसर्ग झाला असला, तरी तो सुरुवातीच्या तपासणीत दिसेलच असे नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा त्या तपासण्या पुन्हा कराव्यात.