हलाल जेवण आणि पुणे दर्शन: मुक्काम कॅम्पात की कोंढव्यात?

पाहुणे सहकुटुंब दोन दिवस पुणे बघायला येणार आणि जेवण हलालच हवं, तर खोली कुठे घ्यावी?

जेवणात कोंढवा सरळ पुढे. कौसर बागेच्या रस्त्यावर संध्याकाळी निखाऱ्यांवर सीख कबाब चढतात, शेजारी बिर्याणीची डेग उघडते. हलाल आहे का, हे विचारावंही लागत नाही. मशीदही जवळ. कात्रजचं प्राणिसंग्रहालय याच बाजूला. बुधवारी मात्र ते बंद असतं. अडचण फिरण्याची. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस दोन्ही लांब आणि वाटेत ट्रॅफिक. मुलं गाडीतच कंटाळतात.

कॅम्पातून पुणे स्टेशन, एमजी रोड, कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं, सगळं हाताशी. हलाल हॉटेलंही भरपूर, पण सरसकट नाहीत. काही ठिकाणी दारूही मिळते. म्हणून बसण्याआधी मालकाला विचाराच, आणि नुसत्या ‘हो’वर थांबू नका, मटण-चिकन कुठून येतं, तेही विचारा. चांगला मालक राग मानत नाही.

सोबत म्हातारी माणसं असतील तर माझं मत कॅम्पला. एका रात्रीचं जेवण मात्र रिक्षा करून कोंढव्यातच घ्या.