झायमोसान पावडर: मॅक्रोफेजवर काम करत असाल तर घ्याच

मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) काम चालतं त्या लॅबच्या फ्रीझरमध्ये एलपीएसची (काही बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला घटक) व्हायल असतेच, पण बुरशी समोर आली की सेल्स काय करतात हे बघायचं असेल तर झायमोसान मागवा, अगदी मनापासून सांगतेय. ब्रेड फुगवणाऱ्या यीस्टच्या सेल वॉलपासून बनवतात, बीटा-ग्लुकान (सेल वॉलमधली साखरेची लांब साखळी) भरपूर, आणि जिवंत बुरशी वाढवत बसायची कटकट नाही.

सगळ्यात भारी म्हणजे रिस्पॉन्स डोळ्यांना दिसतो! कण साधारण ३ मायक्रॉनचे, त्यामुळे साध्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली सेलने गिळलेले दाणे चक्क मोजता येतात. एलपीएसमध्ये हे सुख नाही, तिथे ग्रीस रिएजंटचा गुलाबी रंग (नायट्रिक ऑक्साइडचा अंदाज घ्यायला) नाहीतर एलायझा (सेलने सोडलेली प्रोटीन मोजायची टेस्ट).

वैताग एकच, पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) टाकलं की गुठळ्या होऊन तळाशी बसतं. उकळा, स्पिन करून धुवा, सोनिकेट करा, आणि प्रत्येक वेलमध्ये घालायच्या आधी व्हॉर्टेक्स कराच, नाहीतर पहिल्या वेलमध्ये नुसतं पाणी आणि शेवटच्यात सगळा गाळ, मग ट्रिप्लिकेट कसले जुळणार.

आता महत्त्वाचं. एलपीएस टीएलआर४ या सेलवरच्या रिसेप्टरवर जातं (१९९८ मध्ये बॉयटलरच्या ग्रुपने उंदरांमध्ये दाखवलं, २०११ च्या नोबेलमधला त्यांचा वाटा त्यासाठीच), पण झायमोसान डेक्टिन-१ (बीटा-ग्लुकान ओळखणारा रिसेप्टर) आणि टीएलआर२ दोन्ही चेतवतं, आणि टीएलआर२ तर बॅक्टेरियाच्या लिपोप्रोटीनलाही ओळखतं. म्हणजे टीएनएफ (सूज आणणारा सायटोकाइन) वाढला म्हणून लगेच "हा फंगल रिस्पॉन्स" असं लिहू नका प्लीज, फार जण लिहितात. त्यासाठी डिप्लिटेड झायमोसान मिळतं, गरम अल्कलीने धुतलेलं, त्यात टीएलआर२ चा भाग जातो आणि डेक्टिन-१ चा राहतो. पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं अँटिबायोटिक) चा कंट्रोलही ठेवा, एलपीएसचं कंटॅमिनेशन असेल तर लगेच कळतं.

पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल बँकेतून रॉ २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेजची सेल लाइन) आणून काम करणारे आपल्याकडे बरेच आहेत, त्यांच्यासाठी खास: या सेल्सवर डेक्टिन-१ मुळातच कमी असतं, त्यामुळे डिप्लिटेडला रिस्पॉन्स मंद आला तर पावडरला दोष देऊ नका, जमलं तर बोन मॅरो मॅक्रोफेजवर करून बघा. डोस मी झायमोसान १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि एलपीएस १०० नॅनोग्रॅम ठेवते, हजारपटीचा फरक आहे, तेव्हा वजनावरून दोघांची तुलना नको.

बजेटमध्ये एकच बसत असेल तर साधं झायमोसान घ्या आणि लॅमिनारिनने (विरघळणाऱ्या बीटा-ग्लुकानने) डेक्टिन-१ अडवून बघा, बराच उलगडा होतो.