‘कधीच न उघडलेला’ रोबो

दिवा लागणारी जुनी की-चेन मी बरीच वर्षं जमवतोय. अंगठ्याएवढे रोबो, यानं, चिमुकले टॉर्च. बंद पडलेलं हाती आलं तर उलट जास्त आनंद, कारण ते उघडून पेटवण्यातच खरी मजा. तरीही फसलो, आणि तेही मला पाठ असलेल्या गोष्टीवर.

जाहिरातीत लिहिलं होतं: १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा रोबो, सगळं मूळचं, कधीच न उघडलेला, दिवा चालू. पायाखाली साच्यात उमटलेलं साल होतं, त्याचा ठळक फोटोही होता. (ते साल बहुतेकदा डिझाइनच्या हक्काचं असतं. त्याच साच्यातून पुढे कित्येक वर्षं माल निघू शकतो. हे ठाऊक असूनही डोळे त्या आकड्यावरच खिळले.) सोबत अंधाऱ्या खोलीतला काही सेकंदांचा व्हिडिओ, त्यात छातीवरची नारिंगी काच मंद उजळलेली. मी विरघळलो आणि पैसे थेट पाठवून दिले. त्या मार्गानं गेलेले पैसे परत मागायची सोय नसते.

रोबो आला, पेटला, चार दिवस टेबलावर मिरवला. मग प्रकाश मंदावला म्हणून सेल बदलायला झाकण काढलं. आत एलआर४४ या मापाचे दोन बटण सेल असायला हवे होते. निघाले एलआर४१चे तीन, भोवती घडी घातलेला पुठ्ठा. एलआर४४चा व्यास ११.६ मिमी, एलआर४१चा ७.९, म्हणून तो पुठ्ठा. उंचीचा हिशेब मात्र चपखल: ५.४ मिमीचे दोन म्हणजे १०.८, आणि ३.६चे तीन म्हणजेही १०.८. करणाऱ्याला हे नक्की माहीत होतं. पण दोनाच्या जागी तीन सेल कशाला? दोन सेलचे ३ व्होल्ट जुन्या बल्बला पुरतात. पांढऱ्या एलईडीला साधारण तेवढे लागतातच, सेल जरा थकले की तो मिणमिणतो. तीन सेलचे ४.५ होतात.

मग मागचे स्क्रूही काढले. तांदळाच्या दाण्याएवढ्या बल्बच्या जागी ग्लू गनच्या गोंदात रुतवलेला एलईडी. विझलेला असताना समोरून पाहिलं तर आत पिवळा ठिपका. पांढऱ्या एलईडीची हीच खूण: निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड पांढरा करणारा लेप. झगझगीत निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीनं १९९३ साली आणला, पांढरा १९९६ साली. १९८०च्या दशकातल्या ‘न उघडलेल्या’ रोबोत तो शिरला कसा? नारिंगी काचेमागे तो झाकून गेला होता, एवढंच. काच काढल्यावर थंड पांढरा झोत पडला, मधोमध प्रखर. बल्बचा उजेड असा नसतो, तो पिवळसर आणि चहूकडे सांडणारा. कोपऱ्यात गळलेल्या सेलची पांढरी भुकटी होती, पितळी पट्टी हिरवी पडलेली, आणि तिला वळसा घालून नवीकोरी लाल वायर जोडलेली.

दुरुस्तीला माझा आक्षेप नाही, मी स्वतः तेच करतो. ‘दिवा बदलला आहे’ असं लिहिलं असतं तरी मी तो घेतला असता, फक्त निम्म्याहून कमी पैशांत.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: “तुम्ही उघडलात ना? मग आता मूळचा कसा राहील? परत घेणार नाही. आत काय होतं आणि तुम्ही काय घातलंत, मला काय माहीत!” खरी मेख इथे आहे. फसवणूक पाहायची तर उघडावं लागतं, आणि उघडलं की दावा संपतो. ‘न उघडलेला’ हा शब्द गिऱ्हाइकाला भुलवायला नसतो, त्याचे हात बांधायला असतो.

तेव्हापासून मी पैसे देण्याआधी सेलचं झाकण काढून फोटो मागतो, आणि पेटलेल्या दिव्याचा व्हिडिओ दिवसाउजेडी, काच निघत असेल तर काढून. स्क्रूच्या खाचा जवळून पाहतो, ओरखडे ताजे असले की चमकतात. पार्सल उघडताना पहिल्या स्क्रूपासून चित्रीकरण करतो. बायको हसते. हसू दे.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याचा आणखी एक रोबो दिसला. मजकूर तोच, खोली अंधारी. झाकण काढून एक फोटो पाठवा, एवढंच विचारलं. अजून उत्तर नाही.