‘पीनट्स’ घ्यावे की ‘कॅल्विन अँड हॉब्ज’: वर्तमानपत्री चित्रमालिकांच्या दोन संग्रहांचा तुलनात्मक आढावा

घरातले मूल आठ-दहा वर्षांचे झाले की, किंवा स्वतःलाच रात्री झोपण्यापूर्वी दोन-चार पाने वाचायला काहीतरी हवे असले की, एक प्रश्न हमखास पुढे येतो: चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’चे खंड घ्यावेत, की बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चा संपूर्ण संच घ्यावा? दोन्हींना कपाटात ऐसपैस जागा लागते, दोन्हींचा खर्च थोडाथोडका नाही आणि दोन्ही एकदम घेणे बहुतेकांना शक्य नसते. मी या दोन्ही मालिका अनेक वर्षे पुन्हा पुन्हा वाचत आले आहे. त्यांत श्रेष्ठ कोण हे ठरवण्यापेक्षा कोणत्या वाचकाने कोणत्या बाजूने सुरुवात करावी हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

दोघांच्या आकारमानातला फरक आधी लक्षात घ्यावा, कारण पुढचे बरेचसे त्यातूनच येते. ‘पीनट्स’ 2 ऑक्टोबर 1950 रोजी अमेरिकेतील 7 वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि 13 फेब्रुवारी 2000 रोजी संपली. या जवळजवळ 50 वर्षांत शुल्झ यांनी 17,897 स्ट्रिप, म्हणजे एका दिवसाच्या चौकटींच्या पट्ट्या, काढल्या. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ 18 नोव्हेंबर 1985 ते 31 डिसेंबर 1995 अशी जेमतेम दहा वर्षे चालली आणि तिच्या स्ट्रिपची संख्या 3,160 आहे. म्हणजे पहिली मालिका दुसरीच्या साडेपाच पटींहून मोठी आहे. पहिलीचा संपूर्ण संग्रह 2004 ते 2016 या काळात 26 खंडांत निघाला, त्यातला शेवटचा खंड पूरक साहित्याचा आहे. दुसरीचा संपूर्ण संग्रह 2005 साली तीन जाडजूड खंडांत आला आणि पुढे कागदी बांधणीत चार खंडांत मिळू लागला.

इतक्या मोठ्या कामात सगळेच सारख्या प्रतीचे असणार नाही, हे उघड आहे. पण ही असमानता कशातून येते हे समजून घेतल्याशिवाय विकत घेण्याचा निर्णय नीट होत नाही. रोजची चित्रमालिका हे असे काम आहे की ज्यात मंगळवारी काही सुचले नाही म्हणून बुधवारची जागा कोरी ठेवता येत नाही. सोमवार ते शनिवार काळ्या-पांढऱ्या तीन-चार चौकटी आणि रविवारी रंगीत मोठी स्ट्रिप असा रतीब वर्षभर घालावा लागतो, तोही छापण्याच्या तारखेच्या कित्येक आठवडे आधी, कारण सिंडिकेट ही वितरण करणारी कंपनी ते काम शेकडो वर्तमानपत्रांकडे एकाच वेळी पाठवत असते. कथाकार बिघडलेली कथा फाडून टाकू शकतो. चित्रमालिकाकाराची बरी, वाईट आणि उत्तम अशी सगळीच स्ट्रिप छापली जाते, आणि नंतर संपूर्ण संग्रहात ती एकाच कागदावर, एकाच आकारात, शेजारीशेजारी येऊन बसते. सकाळच्या चहाबरोबर एकेक वाचताना जे खपून गेले, ते एका बैठकीत चाळीस पाने वाचताना खटकू लागते.

‘पीनट्स’च्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. पहिल्या दोन-तीन वर्षांतली मालिका गोड आहे, पण पुढची खोली तिच्यात अजून आलेली नाही; स्नूपी हा चार पायांवर चालणारा साधा कुत्रा आहे आणि त्याचा मालक, मालिकेचा नायक असलेला मुलगा चार्ली ब्राउन, तर चक्क खोडकर आहे. 1954 साली शुल्झ यांनी रविवारच्या काही स्ट्रिपमध्ये ल्यूसी या भांडखोर मुलीला गोल्फच्या स्पर्धेत उतरवले आणि मागे मोठी माणसे काढून पाहिली. तो प्रयोग सपशेल फसलेला आहे, आणि मोठी माणसे या जगात दिसताच कामा नयेत हा नियम किती योग्य होता याचा तो उत्तम पुरावाही आहे. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून मात्र हात बसत जातो. ल्यूसीचा भाऊ लायनस याची सतत जवळ असणारी चादर, पाच सेंटमध्ये सल्ला देणारे ल्यूसीचे दुकान, दरवर्षी भोपळ्याच्या शेतात रात्रभर बसून न येणाऱ्या ‘ग्रेट पम्पकिन’ची वाट पाहणारा लायनस, चार्ली ब्राउन जिच्याकडे नुसता दुरून पाहत राहतो आणि वाचकाला जिचा चेहरा कधीच दिसत नाही ती लाल केसांची मुलगी, ही सगळी सामग्री याच सुमारास जमत गेली. 1959 पासून 1973 पर्यंतचा काळ माझ्या मते या मालिकेचा, आणि कदाचित या कलाप्रकाराचाही, सर्वांत समृद्ध काळ आहे. 1973 मध्ये चार्ली ब्राउनच्या डोक्यावर बेसबॉलसारखे पुरळ उठते, तो ते लपवायला डोक्यावर कागदी पिशवी घालून उन्हाळी शिबिराला जातो, आणि चेहरा झाकलेला असताना आयुष्यात प्रथमच सगळे त्याला मान देऊ लागतात. इतकी हसवणारी आणि इतकी दुखरी गोष्ट रोजच्या चार चौकटींत दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर उतार आहे. 1975 मध्ये स्नूपीचा वाळवंटात राहणारा भाऊ स्पाइक येतो, पुढे आणखी भावंडे येतात, आणि ज्या स्ट्रिपमध्ये फक्त स्पाइक आणि निवडुंग आहे त्यातल्या पुष्कळशा मला निव्वळ जागा भरणाऱ्या वाटतात. 1980 च्या दशकात शुल्झ यांच्या हाताला कंप आला आणि रेषा थरथरू लागली. ते शेवटपर्यंत स्वतःच लिहीत, स्वतःच काढत आणि अक्षरेही स्वतःच भरत. मदतनीस त्यांनी ठेवला नाही, आणि 1997 मधली पाच आठवड्यांची सुट्टी वगळता नवे काम कधी थांबवले नाही. ती कापरी रेषा पाहताना मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. शिवाय 1990 च्या दशकात ल्यूसीचा सर्वांत धाकटा भाऊ रीरन पुढे आल्यावर मालिकेला नवा जीव येतो, त्यामुळे शेवटचे खंड टाकाऊ आहेत असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये.

असमान कामाचे आकर्षण कशात असते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. 1962 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, ‘वर्ल्ड सीरिज’च्या, सातव्या आणि निर्णायक सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा संघ एका धावेने हरला, कारण त्या संघाच्या विली मॅकोव्हीने शेवटी मारलेला जोरदार चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला. शुल्झ तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियात राहत होते आणि त्या संघाचे चाहते होते. त्याच डिसेंबरमधल्या एका स्ट्रिपमध्ये चार्ली ब्राउन आणि लायनस तीन चौकटी नुसते गालाला हात लावून बसलेले आहेत, आणि चौथीत चार्ली ब्राउन आकाशाकडे पाहून विचारतो की मॅकोव्हीने चेंडू फक्त तीन फूट वर का नाही मारला. जानेवारीत पुन्हा तशीच स्ट्रिप येते: तीच तीन निःशब्द चौकटींची रचना, आणि शेवटी प्रश्न असा की निदान दोन फूट तरी वर का नाही. पहिली स्ट्रिप एकटी वाचली तर बेसबॉल न कळणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला ती जेमतेम कळते. दुसरीपर्यंत महिना उलटला आहे, मधे नेहमीसारख्याच, काही फिक्या, काही चांगल्या स्ट्रिप येऊन गेल्या आहेत, आणि तरी तो मुलगा अजून त्याच पराभवाजवळ बसलेला आहे. विश्वचषकाचा अंतिम सामना हातातून गेल्यावर महिनाभर तेच बोलणारी माणसे आपल्या घरात असतातच. ही गंमत निवडक स्ट्रिपच्या पुस्तकात उतरत नाही, कारण निवडक पुस्तक मधला महिना काढून टाकते.

‘कॅल्विन अँड हॉब्ज’ वाचताना असा मधला महिना शोधावा लागत नाही. सहा वर्षांचा कॅल्विन आणि त्याचा वाघ हॉब्ज हे पहिल्या वर्षातच जवळजवळ पूर्ण घडलेले आहेत. हॉब्ज कॅल्विनला जिवंत दिसतो, इतरांना भुसा भरलेले खेळणे दिसतो, आणि खरे काय हा प्रश्न वॉटरसन दहा वर्षे उघडाच ठेवतात; मालिकेचा सगळा तोल या एका संयमावर उभा आहे. 1987 मध्ये कॅल्विनला रॅकून या लहान जंगली प्राण्याचे जखमी पिल्लू सापडते आणि ते वाचत नाही, ही काही दिवस चाललेली गोष्ट दहा वर्षांच्या मुलाबरोबर वाचावी, पण शेजारी बसून वाचावी. फसलेले प्रयोग इथेही आहेत. 1988 मध्ये आलेला मॅक्सकाका पुन्हा कधी दिसला नाही, कारण कॅल्विनच्या आईबाबांना नावेच दिलेली नसल्यामुळे या काकाला त्यांच्याशी बोलता येईना. शेवटच्या वर्षांत कॅल्विनच्या तोंडून कला, दूरचित्रवाणी आणि बाजारूपणा यांविषयी व्याख्याने येऊ लागतात, आणि त्यातल्या काहींत सहा वर्षांचा मुलगा मागे पडून वॉटरसन स्वतः बोलताना ऐकू येतात. तरीही सर्वांत चांगले पान आणि सर्वांत सामान्य पान यांतले अंतर इथे फार कमी आहे.

याची कारणे कामाच्या पद्धतीत आहेत. वॉटरसन यांनी 1991-92 मध्ये आणि पुन्हा 1994 मध्ये प्रत्येकी सुमारे नऊ महिन्यांची रजा घेतली. त्या काळात वर्तमानपत्रांनी जुन्या स्ट्रिप छापल्या. पहिल्या रजेवरून परतल्यावर रविवारच्या पानाच्या चौकटी संपादकांना आपल्या सोयीने तोडता येणार नाहीत, अशी अट त्यांनी मान्य करून घेतली. तोवर रविवारची वरची ओळ काही वर्तमानपत्रे सरळ गाळून टाकत, म्हणून चित्रकाराला ती कथेला आवश्यक नसेल अशीच रचावी लागे. अट मान्य झाल्यानंतरची रविवारची पाने, डायनासोरांची, परग्रहांची, बर्फाच्छादित जंगलाची, ही मोठ्या आकारात आणि रंगात पाहण्यासारखी आहेत, आणि संपूर्ण संच घेण्याचे एकट्याने पुरेसे कारण आहेत. खेळणी, कपडे, कप यांवर आपली पात्रे छापू द्यायला त्यांनी ठाम नकार दिला, आणि जोम टिकून असतानाच मालिका बंद केली. ‘पीनट्स’चा इतिहास याच्या उलट आहे: 1950 मध्ये ती वर्तमानपत्रांना जागा वाचवणारी लहान स्ट्रिप म्हणून विकली गेली, चार सारख्या चौकटी आडव्या, उभ्या किंवा दोन-दोनच्या चौरसात लावता याव्यात अशी तिची मांडणी होती, आणि शुल्झ यांना न आवडलेले नावसुद्धा सिंडिकेटने दिलेले होते. त्या अडचणीतूनच ती रिकामी पार्श्वभूमी, ती भिंत आणि भिंतीवर हात टेकून उभी राहिलेली मुले आली.

जिम डेव्हिस यांची ‘गारफील्ड’ तिसरा पर्याय म्हणून अनेकदा सुचवली जाते. 1978 पासून चाललेली ही मालिका जगात सर्वाधिक वर्तमानपत्रांत छापली गेल्याची नोंद आहे आणि लहान मुलांना ती पटकन आवडते. तिचे एखादे पुस्तक ग्रंथालयातून आणावे, संच विकत घेऊ नये. मराठीत वाचायचे असेल तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केलेल्या ‘चिंटू’ची पुस्तके वेगळ्या कारणासाठी घ्यावीत: पप्पू, मिनी, बगळ्या आणि जोशीकाकू ज्या जगात वावरतात, त्याला तळटीप लागत नाही.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ‘पीनट्स’चे इंग्रजी सोपे जाते, वाक्ये लहान आणि शब्द रोजचे असतात, पण त्यांतले दुःख त्याला कळेलच असे नाही. कॅल्विनचे इंग्रजी अवघड आहे, तो मोठ्या माणसांचे भारदस्त शब्द वापरतो, मात्र चित्रे इतकी बोलकी आहेत की अर्धे शब्द सुटले तरी मूल हसते. म्हणून मुलासाठी घ्यायचे असेल तर मी न डगमगता ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चा चार खंडांचा संपूर्ण संच घ्या असे सांगेन. ज्यांना एकदाच खर्च करून संपूर्ण, स्वयंपूर्ण असे काही हवे आहे, त्या मोठ्यांनाही तोच.

‘पीनट्स’ हळूहळू घेण्याची मालिका आहे. पहिल्या खंडापासून सुरुवात करू नये. बहुतेक वाचक तिथेच निराश होऊन थांबतात. 1959-60 चा पाचवा खंड आधी घ्यावा, मग क्रमाने सहावा, सातवा, आठवा आणि नववा, आणि रोज तीन-चार पानांपेक्षा जास्त वाचू नये. एवढे वाचून झाल्यावर 1970 च्या दशकाचे पहिले दोन खंड घ्यावेत, आणि मधले दहा-बारा तसेच सोडून थेट 1999-2000 च्या पंचविसाव्या खंडाकडे जायला हरकत नाही. ल्यूसी दरवर्षी चार्ली ब्राउनसाठी जमिनीवर चेंडू धरते, तो धावत येतो, ती ऐन वेळी चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आपटतो, हे 1950 च्या दशकापासून चालत आलेले आहे. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूसीला जेवायला घरात बोलावतात, म्हणून ती चेंडू रीरनच्या हाती देऊन जाते. तो परत आल्यावर ती उत्सुकतेने विचारते की काय झाले, चेंडू काढून घेतलास का, त्याने लाथ मारली का; आणि रीरन सांगतो की ते तुला कधीच कळणार नाही.